पाणी न पिणारी लॉरी

जालना

जालन्याहून जाफराबाद म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळी भाकरी बांधून मोटरीत बसलं की माणूस दुपारच्या चहाला पोचतो. पण भर वैशाखात, मागं हत्तीएवढं ऑइल इंजिन टोचन करून, रेडिएटरात पाण्याचा थेंब न घालता ती वाट कुणी चढून गेलं असेल तर त्यानं पुढं यावं. मी त्याच्या पाया पडतो. तोवर माझंच ऐका.

जर्मन-जपानची लढाई संपल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. माझी थोरली बहीण, आक्का, जाफराबादेच्या पुढं पूर्णेकाठी शेतात राहते. नवरा गेल्यावर तिनं काळ्या रानात मोसंबी लावली. सगळा गाव हसला. "कापसाच्या रानात मोसंबी लावून राह्यली, येडी झाली का?" असं तिचा दीर रंगनाथराव चारचौघांत म्हणाला. तिनं पदर खोचला आणि घागरीनं पाणी घालून झाडं जगवली. यंदा ती पहिल्यांदा फळाला आली आणि यंदाच विहीर आटली. खाली नदीच्या डोहात पाणी होतं, पण काठ उंच. ते वर चढणार कसं?

मोटरीच्या डायवराबरोबर तिनं तोंडी निरोप धाडला. "बापूला सांगा, डोहात पाणी हाय. चढवायला कायतरी घेऊन ये. भाऊजी म्हणतात, बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो, न्हाईतर झाडं तोडून रान मोकळं करतो."

बाजाराचा दिवस पाच दिवसांवर होता. माझं डोकं असं फिरलं की त्या डायवरालाच दोन शब्द सुनावले, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

इंजिन मिळालं. एका जिनिंगवाल्यानं टाकून दिलेलं, लोखंडी चाकांवरचं, पंपासकट. प्रश्न होता न्यायचं कसं. बैलांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा झालेल्या, ते काय ओढणार? माझी स्वतःची एक लॉरी होती, पण बाकीचे लॉरीवाले तर ऐकूनच कान धरायचे. त्यांचंही चूक नव्हतं. मागं वजन, पायाखाली चढ, डोक्यावर ऊन, गाडी पहिल्या गियरात कुंथत चाललेली. अशात रेडिएटरातलं पाणी चहासारखं उकळतं, वाफ होऊन उडून जातं, आणि दर कोसाला घागर मागत हिंडावं लागतं. त्या वर्षी विहिरींच्या तळाला कासवं उघडी पडली होती, घागर देणार कोण? वाटेतली म्हसोबाची चढण तर बिलकुल कोरडी. तिथं अडकलेल्या लॉऱ्यांच्या गोष्टी आमच्या मोंढ्यात भुतांच्या गोष्टींसारख्या सांगतात.

तेव्हा मी गेलो मोटरी दुरुस्त करणाऱ्या इब्राहीम उस्तादाकडं. उस्ताद लढाईत विमानांच्या कारखान्यात होता. विमानांनी त्याचे कान खाल्ले, त्याला अर्धंच ऐकू येतं, पण येताना तो तिथून मोडीत निघालेले काही सीलबंद डबे घेऊन आल्ता. लष्करानं विकायला काढलेली माझी लॉरी त्यानंच उभी केलेली. माझं सगळं ऐकून (म्हणजे मी ओरडून सांगितल्यावर) त्यानं एक डबा पुढं ठेवला.

"ये विमान का शरबत है, बापूभाई. पानी के बदले ये डालते. पानी उबलता उसके करीब दुगने तक ये नै उबलता. न भाप, न घागर."

मी बोट बुडवलं. तेलासारखं बुळबुळीत. वास गोडसर. चाखायला बोट तोंडाकडं नेलं तर उस्तादानं फाडकन हातावर मारलं. "हौला है क्या? ज़हर है! मीठा ज़हर!"

मग दोन दिवस आम्ही लॉरीचं पोट धूत होतो. पाणी काढलं, नळ्या सोडवल्या, लोहाराचा भाता लावून आतून वारा मारला, नव्या नळ्या आवळून बसवल्या, कारण जिथून पाणी झिरपत नाही तिथूनही हे औषध (शरबताला मी औषधच म्हणायचो) वाट काढतं. मग एक डबा मागं ठेवून बाकीचे सगळे आत ओतले. उस्तादाची एकच अट होती: आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. पाणी मिसळलं की तेच आधी उकळणार, वाफ धरणार, औषधालाही बाहेर ढकलणार. "और सुनो, गाड़ी गरम चलेगी. काँटा चढेगा. डरना नक्को."

राजूर

पहाटे निघालो. बायकोनं धपाटे आणि लसणाची चटणी बांधून दिलेली, उस्तादाच्या घरून खिमा आणि रोटी. इंजिन मागं गडगडत होतं आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो. एक म्हातारा सायकलवरून आमच्या पुढं गेला आणि वळून हसला. हस म्हणालो, बाबा, तुझे दिवस आहेत.

पहिला चढ लागला तसा काटा वर सरकायला लागला. लाल रेघेवर टेकला. पाण्याची लॉरी असती तर आत्ता झाकणातून फवारा उडाला असता. माझा पाय आपोआप उचलला गेला. उस्तादानं माझ्या मांडीवर थाप मारली, "चलने दो!" काटा रेघेच्या पुढं गेला. आणि बाहेर? काही नाही! ना वाफ, ना शिटी. गाडी आपली हूं हूं करत वर. माथ्यावर पोचलो तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की ते उस्तादालाही ऐकू गेलं.

राजुरात दुपारी थांबलो. आमच्या जालन्यात लॉरी आली की लोक शिव्या देत वाट सोडतात. इकडं उलट. लॉरी दिसली की कुणीतरी घागर घेऊन येतंच. "घाला, घाला, तापली असंल." न्हाई म्हटलं तर मानतच न्हाईत. शेवटी उस्ताद बॉनेटवर चढला, गर्दीकडं बघितलं, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून फिरवलं. गर्दी दहा हात मागं पळाली! तापल्या गाडीचं झाकण उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण आतून फसकनसुद्धा झालं नाही. उस्तादानं झाकण टोपीसारखं डोक्यावर ठेवून सलाम केला. टाळ्या पडल्या, कुणी भजी आणून दिली, कुणी चहा. मला तर सर्कशीचा मालक झाल्यासारखं वाटलं.

टेकडीवर गणपतीच्या पाया पडून आलो. उस्ताद खाली गाडीपाशी बसला होता. म्हणाला, "मेरी तरफ से भी बोले ना?" म्हटलं, तुझं आधी बोललो, माझं मागून.

म्हसोबाच्या चढणीखाली

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णी मागं टाकली. प्रत्येक गावात झाकणाचा खेळ झाला. कौतुक कुणाला नको असतं? खेळता खेळता झाकण घट्ट लावायचा कंटाळा येऊ लागला, नुसतं वर ठेवून पुढच्या गावापर्यंत जायचो.

चढणीच्या पायथ्याला लिंबाखाली पाणपोई होती. ओल्या वाळूत पुरलेले दोन रांजण, वर लाल फडकी, शेजारी बैलांसाठी दगडी डोणी. पाणपोईवाली म्हातारी गयामाय. वाळलेल्या ओढ्यात झिरा उकरून, वाटी वाटीनं पाणी भरून आणायची. आम्ही गेल्या गेल्या तिनं तांब्या हातात दिला. वाळ्याच्या वासाचं गार पाणी! शहरात आम्ही पखालवाल्याचं पाणी विकत घेतो, त्याला चामड्याचा वास. हे पाणी प्यालो आणि डोळे मिटले.

सावलीत धपाटे सोडले. दोन घास खाल्ले असतील, तर लॉरीकडून बुडबुड आवाज आला. वळून बघतो तर गयामाय बॉनेटपाशी दगडावर उभी, घागर रेडिएटरात पालथी!

"ए म्हातारे!" मी ताटावरून उडालो. "काय केलंस हे? सत्यानाश केलास!"

घागर रिकामी झाली होती. वरून औषध उतू जाऊन मातीत सांडत होतं. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोललो, इथं लिहिण्यासारखं नाही. म्हातारी आधी दचकली, मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पाणी पाजलं तर शिव्या? वैशाखात हितून कुणी कोरडं गेलं न्हाई. माणूस न्हाई, बैल न्हाई. मोटर झाली म्हून काय झालं, तीबी वाटसरूच न्हाई का? झाकण नुसतं वर ठिवलेलं, तोंड उघडंच की तिचं. म्हटलं तहानली आसंल."

तेवढ्यात तिची शेळी सांडलेलं चाटायला आली. मी धावत जाऊन तिला हाकललं आणि दोन्ही हातांनी त्यावर माती लोटली. "माय, इख हाय हे. गोड लागतं आन् जनावर मरतं," एवढं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. शेळी खुंट्याला बांधून आली आणि माझ्याजवळ बसली.

"मंग आता रं बाबा?"

मी डोकं धरून बसलो. उद्या बाजाराचा दिवस. पाणी मिसळलेल्या औषधानं चढण चढायला गेलो तर मधेच उकळणार, आणि मधे अडकलो की उद्या आक्काच्या झाडांना कुऱ्हाड. उरलेला डबा एकच, त्यानं रेडिएटर भरत नव्हता. मी तिला आक्काची सगळी हकीकत सांगितली. मला रडू फुटायच्या बेतात होतं, ते रागानं दाबलं.

उस्ताद मात्र दाढी खाजवत विचार करत होता. "उबालेंगे," तो म्हणाला. "पानी पहले उड़ता. शरबत पीछे रह जाता." म्हणजे सगळं मिश्रण बाहेर काढायचं, चुलीवर चढवायचं, पाणी उडून गेलं की औषध उरेल. पण कधी थांबायचं? लवकर उतरवलं तर पाणी राहणार. उशीर झाला तर औषधच तापून पेट घेणार, आणि मग ना लॉरी, ना लिंब. दुपारच्या त्या उन्हात वाफ काही दिसणार नव्हती. आवाजावरून ओळखावं तर उस्तादाला कान कुठं होते?

"लोणी कढवल्यावानी हाय की हे," गयामाय म्हणाली. "पाणी आसंतवर बडबडतं. पाणी सरलं की गप बसतं. मला आयकू द्या."

साखळदंड ठेवायला लॉरीत अर्धं कापलेलं पिंप होतं. ते तीन दगडांवर ठेवलं, मिश्रण त्यात सोडलं, खाली पळाट्या पेटवल्या. कापसाच्या पळाट्या बऱ्या, भडकन पेटतात आणि ओढल्या की लगेच विझतात. म्हातारीनं पदर कानामागं घेतला आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून डोळे मिटले. मिश्रण खदखदायला लागलं. मी दर घडीला विचारायचो, "झालं का?" ती नुसता हात वर करायची. एकदा मी फारच टोकलं तर डोळे न उघडता म्हणाली, "तुझ्या आईनं तुला तूप कसं खाऊ घातलं रं? सारखी बडबड करतोस, कढायच्या आधीच उतू जातोस." उस्तादाला हे बरं ऐकू आलं. तो पोट धरून हसला.

खदखद जाड होती, ती बारीक झाली. मग अधूनमधून एखादा बुडबुडा. मग...

"वढा जाळ!" गयामाय ओरडली.

मी पळाट्या ओढल्या, उस्तादानं माती टाकली. पिंपात सगळं शांत, तेलासारखं लुकलुकत. उस्ताद खाली वाकून बघत म्हणाला, "अल्ला जाने. चढके देखेंगे."

म्हसोबाची चढण

तिन्हीसांजेला ऊन उतरल्यावर औषध गाळून भरलं, वर शेवटचा डबा ओतला, झाकण मी स्वतः दातओठ खाऊन आवळलं. उस्ताद मागून चालत, इंजिनाच्या चाकाखाली घालायला दगड घेऊन. आणि बाजूनं गयामाय. कमरेवर भरलेली घागर.

"तू कशाला येतीस?"

"लागलं तर," ती म्हणाली.

पहिला गियर टाकला. लॉरीनं नाक वर केलं. मागचं वजन असं ओढत होतं की वाटावं, कुणीतरी शेपूट धरून बसलंय. काटा लाल रेघेला टेकला. पुढं गेला. पहिल्या वळणाला चाक घसरलं, उस्तादानं दगड लावला, मी गाडी परत उचलली. मला ऐकू येत होता फक्त इंजिनाचा आवाज, आणि त्यात मी बुडबुडा शोधत होतो. बडबडलं तर पाणी, गप तर औषध. "गप बस गं बाई," मी लॉरीला म्हणत होतो, "गप बस, आक्काची शपथ हाय तुला."

दुसरं वळण. काटा जिथं जायचा तिथं जाऊन थांबला होता, लाल रेघेच्या पुढं कोऱ्या जागेवर. म्हसोबाचा शेंदरी दगड दिसला. माथा! लॉरी सपाटीला आली, मी ब्रेक लावला, उडी मारली आणि बॉनेटला कान लावला. गप! अगदी तुपासारखं गप!

मी नाचलो. चाळिशी ओलांडलेला बाप्या, धोतर वर खोचून म्हसोबापुढं नाचलो. उस्तादानं मला उचललं. गयामाय धापा टाकत वर आली, भरली घागर तशीच कमरेवर. लॉरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"न्हाई लागली?"

"न्हाई लागली, माय! दे, मला दे." आणि मी ओंजळ धरली. तिनं ओतलं, मी प्यालो, उस्ताद प्याला, आणि उरलेलं तिनं माझ्या डोक्यावर ओतलं. "तापलाय तू लय," म्हणाली.

पूर्णाकाठ

सकाळी आक्काच्या बांधावर पोचलो तेव्हा रंगनाथराव दोन कुऱ्हाडीवाल्यांना घेऊन उभा होता. झाडांची पानं विडीसारखी वळली होती. आक्का पहिल्या झाडाला पाठ लावून उभी, हातात काही नाही, पण चेहरा असा की कुऱ्हाडीवाले लांबच थांबलेले.

"बापूराव," रंगनाथराव म्हणाला, "उशीर केला तुमी. मेलेल्या झाडाला पाणी पाजून काय फायदा?"

"आज बाजाराचा दिवस हाय, दिवस सरला न्हाई," आक्का म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं, पण गयामायचं आठवलं आणि गप बसलो. इंजिन काठावर उतरवलं, नळ डोहात सोडला, पट्टा चढवला. उस्तादानं फ्लायव्हील फिरवलं. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा त्यानं धरलं, टुक टुक टुक, आणि नळाच्या तोंडातून आधी वारा, मग चिखल, आणि मग पाणी! मनगटाएवढी पांढरी धार!

पाट कोरडा होता, पहिलं पाणी त्यानंच पिऊन टाकलं. आक्का धारेबरोबर चालत राहिली, झाडापाशी आलं की थांबायची, आळं भरलं की पुढं. वाटेत एका ठिकाणी पाट फुटला आणि पाणी भलतीकडं पळालं. मी धावेपर्यंत रंगनाथरावानं फावडं उचललं होतं. त्यानं माती ओढून पाट बांधला, आणि मग संध्याकाळपर्यंत ते फावडं काही खाली ठेवलं नाही. कुऱ्हाडीवाल्यांना आक्कानं येसराची आमटी आणि भाकरी वाढली. जेवून ते पण आळी करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं मला हाताला धरून रानात नेलं. वळलेली पानं बऱ्याच झाडांवर उघडली होती. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून लहान पोरीसारखी रडली. मी पण रडलो. आनंदाचं रडायला लाज कसली?

परतताना

मोरीचं पाणी मिळून जगलेलं एक झाड आक्काच्या दारात होतं. त्याला मोजकी मोसंबी लागली होती. पहिलं फळ देवाला, अशी आमच्याकडं रीत. आक्कानं ती सगळी पदरातून माझ्या हातात घातली. "त्या पाणपोईवाल्या माउलीला दे. देव मला रागावणार न्हाई."

मागं ओझं नसलेली लॉरी चढण उतरून लिंबाखाली उभी राहिली. गयामायनं फळं ओटीत घेतली, एक हुंगलं, विचारलं, "झाडं?"

"जगली, माय."

"हां," ती म्हणाली आणि सवयीनं घागर उचलून लॉरीकडं निघाली. मी "अगं अगं" म्हणत उठलो. उस्ताद झाकणावर हात ठेवून उभा राहिला. गयामाय त्याच्यासमोर थांबली आणि तोंडभर हसली.

"भ्यायला काय झालं? पीत न्हाई तर न्हाई पीत. दारी आलेल्याचे पाय तरी धुवू द्या."

आणि तिनं वाकून लॉरीच्या तापलेल्या चाकांवर, एकेक करून चारी चाकांवर, ती घागर रिकामी केली. चाकं चर्र करून वाफाळली, आणि ओल्या मातीचा वास आमच्याबरोबर टेंभुर्णीपर्यंत आला.